घाट, गिअर आणि गणकयंत्र

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते किल्ले आणि तलवारी. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याविषयी बोलायचे झाले तर कुलाब्याचा जलदुर्ग, आंग्र्यांचे आरमार, जंजिऱ्याचा सिद्दी यांतच व्याख्याता आणि श्रोते रमून जातात. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या आरमाराला लागणारे तांदूळ, मीठ आणि लाकूड कोणी वाहिले, कशावर वाहिले आणि वाहणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. राज्यांच्या इतिहासाइतकाच ओझ्याचाही इतिहास असतो. आज तो विषय घ्यावा आणि अगदी आपल्या दिवसांपर्यंत आणून सोडावा, असे योजले आहे.

याला निमित्त आहे एका नव्या प्रकारच्या गाऱ्हाण्याचे. मासळीच्या पेट्या, बर्फ, नारळ-सुपारी, आंबे वाहणाऱ्या पिकअप गाड्यांचे चालक अलीकडे बोलताना म्हणतात, “गाडी सर्व्हिसिंगला दिली, तिथे काहीतरी अपडेट केले, आणि तेव्हापासून ती पहिल्यासारखी ओढत नाही. गिअर लवकर उतरवावा लागतो आणि ॲव्हरेजही पडले.” गाडीचा एक स्क्रू हलला नाही, एक पट्टी बदलली नाही, आणि तरीही गाडीचा स्वभाव बदलला! आपल्या आजोबांना ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी तिला भुताटकीच म्हटले असते. ही भुताटकी नव्हे. पण ती काय आहे हे कळण्यासाठी मागे जावे लागेल.

ओझे वाहणाऱ्या माणसापुढे सर्व काळी दोन प्रश्न राहिले आहेत. ओढणारा किती खातो, हा पहिला. आणि त्याने कधी जोर लावायचा व कधी दम घ्यायचा हे कोण ठरवितो, हा दुसरा. बैल असो वा इंजिन, प्रश्न हेच.

कोकणातून देशावर जाणारा माल शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून चढत होता. बोरघाटात चाक चढत नव्हते. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून घाटाची वाट सुधारून घेतली, आणि १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत गाड्यांसाठी सडक खुली झाली. मग १८६३ मध्ये याच घाटातून आगगाडी वर गेली. तिच्या मार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका कडक होता. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून ढकलणारी जादा इंजिने लावावी लागली, आणि कर्जत ते लोणावळा या टप्प्यावर ती आजही लावतात. तात्पर्य, घाटाने यंत्रालाही बैलाचाच नियम लावला. चढ आला की जोड लावा, नाहीतर दमाने चढा.

किनारपट्टीची गोष्ट मात्र निराळी होती. रेवस, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन यांची मुंबईशी असलेली नाळ जमिनीवरून नव्हे, पाण्यावरून जात होती. खाड्यांनी सारा प्रदेश असा कापलेला, की गलबते आणि पुढे आगबोटी याच इथल्या मालगाड्या. त्या वाटेची किंमतही या किनाऱ्याने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे पूल झाले, सडका सुधारल्या, पनवेल-पेण-वडखळ-महाड असा गोव्याचा राजमार्ग रुळला, आणि हळूहळू समुद्राचे ओझे रस्त्यावर आले.

ते ओझे उचलायला आलेल्या गाड्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. १९५८ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली. तिच्या गाडीचे नाव मराठी माणसाच्या तोंडी असे बसले, की आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी आपण टेम्पोच म्हणतो. १९८६ मध्ये टाटांची ‘४०७’ आली, २००५ मध्ये ‘एस’ आली. मोठी मालमोटार जिथे वळू शकत नव्हती त्या कोळीवाड्यांच्या बोळांत आणि वाड्यांच्या आगरांत या लहान गाड्या शिरल्या. जीवना बंदराची मासळी किंवा नागावची सुपारी दलालाच्या सोयीने न थांबता स्वतःच्या पायाने निघू लागली. ही क्रांती होती, परंतु तिची मिरवणूक निघाली नाही.

आता या गाड्यांच्या पोटात डोकावू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये आपल्या इंजिनाचे पेटंट मिळविले, आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन परीक्षेस उतरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि नेमक्या क्षणी तीत तेलाची फवारणी करायची. सारे मर्म त्या दोन शब्दांत आहे. नेमका क्षण आणि नेमके माप. ते साधणारा इंधनपंप बॉश कंपनीने १९२७ मध्ये कारखानी पद्धतीने तयार करण्यास प्रारंभ केला, आणि तेव्हापासून डिझेल इंजिन मालमोटारीत सुखाने बसले.

हा पंप यांत्रिक होता. त्याचे मापही यांत्रिक होते. स्क्रूला कंपनीने सील लावलेले असे. पण सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरविणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होता. तेल वाढविले की गाडी ओढायला लागे, मागून काळा धूर निघे आणि ॲव्हरेज पडे. जे झाले ते डोळ्यांना दिसे, आणि ज्याने केले त्याचे नाव ठाऊक असे. बिघडले तर त्याच मिस्त्रीकडे जाऊन भांडता येई.

गिअरचेही तसेच. जुन्या मालमोटारींत गिअर घालण्यासाठी दोनदा क्लच दाबावा लागे. इंजिनाचा आवाज कानाने तोलून, वेग आणि दाते यांचा मेळ जमला की दांडा आत जाई, न जमला तर सारी गाडी करकरे. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ही शिकवण उस्ताद चालक क्लीनरला देई. कशेडीचा घाट उतरताना या शिकवणीवर प्राण टांगलेले असत. शाळेत न शिकविलेले हे यंत्रशास्त्र चालकाच्या कानात आणि तळपायात होते. कधी जोर लावायचा व कधी दम घ्यायचा, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा निःसंशय एकच होते. चालक.

मग गणकयंत्र आले. १९६७ मध्ये बॉशने पेट्रोल गाडीच्या फवारणीला विद्युत्‌-नियंत्रण जोडले. १९८६ च्या सुमारास डिझेललाही ते आले. १९९७ मध्ये कॉमन रेल पद्धत बाजारात आली. तीत तेल एका समाईक नळीत हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाने भरून ठेवलेले असते, आणि प्रत्येक सिलिंडरची फवारणी विजेच्या इशाऱ्याने उघडते व मिटते. इशारा देणारी असते हातावर मावेल एवढी एक पेटी. पायातला ॲक्सिलरेटर आता पंपाशी जोडलेला राहिला नाही. तो पेटीकडे एक अर्ज पाठवितो, “अमुक इतका जोर हवा.” पेटी इंजिनाचे फेरे, आत येणारी हवा, पाण्याची उष्णता आणि नळीतला दाब पाहते, आपल्या पोटातल्या कोष्टकांवरून बोट फिरविते आणि ठरविते की तेल किती व केव्हा. ही कोष्टके म्हणजे केवळ लिहिलेले आकडे. आणि लिहिलेले आकडे पुसून दुसरे लिहिता येतात. गाडीला तार जोडून तेवढेच करणे, याचे नाव अपडेट.

या पेटीने पुष्कळ भलेही केले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. एकच उदाहरण पुरे. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. ती नेहमीच घातक होती. आता ती तोट्याचीही आहे. नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की पेटी फवारणी पूर्ण बंद करते. चाकेच इंजिनाला फिरवितात, तेल शून्य. न्यूट्रलवर सोडले तर इंजिन चालू राहण्यापुरते तेल जळतच राहते. म्हणजे उस्तादाची जुनी शिकवण जीव वाचवीत होती, ती आता तेलही वाचविते.

परंतु पेटीला केवळ तेलच वाचवायचे नसते, आणि इथेच खरा पेच आहे. डिझेल जितक्या कडक उष्णतेत जळेल तितके ते कमी लागते. पण त्याच उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची संयुगे बनतात. ती फुप्फुसांना बाधतात, आणि उन्हात त्यांपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. ती कमी करायची तर फवारणी किंचित उशिरा करावी लागते, किंवा जळालेला वायू थोडा परत आत घ्यावा लागतो. तसे केले की इंधन थोडे अधिक लागते, काजळी वाढते आणि ओढ मंदावते. काजळी अडविण्यासाठी धुराड्यात गाळणी बसवावी, तर ती भरते, आणि जादा तेल जाळून सुमारे ६०० अंश उष्णतेने तिला साफ करावे लागते. पहाटे धक्क्यावर इंजिन चालू ठेवून ताटकळणारी आणि चार-पाच किलोमीटरांच्या खेपा करणारी गाडी ही गाळणी लवकर भरते. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ ही मर्यादा सर्वत्र लागू झाली, आणि मधली पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आली. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजनच्या संयुगांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर उतरली. मालकाचा खिसा आणि रस्त्याकाठच्या मुलाचा श्वास या दोन पारड्यांतला काटा आता त्या पेटीत आहे.

हा काटा खोटा धरला गेला तर काय होते, हे जगाने २०१५ मध्ये पाहिले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारी केवळ प्रयोगशाळेत न तपासता, मोजणीची यंत्रे डिकीत घालून रस्त्यावरही पळविल्या. त्या संशोधकांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीयही होते. प्रयोगशाळेतील चाचणीत निर्दोष ठरणारी एक गाडी रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट विषारी वायू सोडीत होती. चौकशी सुरू झाल्यावर कंपनीने २०१४ च्या अखेरीस गाड्या बोलावून अपडेट केले आणि दोष गेल्याचे सांगितले. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजले, तर दोष पुरता गेलेला नव्हता. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये सत्य बाहेर आले. आपली परीक्षा चालू आहे हे ती पेटी ओळखीत होती आणि तेवढ्यापुरती सज्जन होत होती. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते.

त्या कंपनीचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. भारतात चौकशीचे काम आले ते पुण्याच्या एआरएआय या, १९६६ पासून वाहनांची परीक्षा करणाऱ्या संस्थेकडे. त्या वेळी केंद्रात अवजड उद्योगांचे मंत्री होते अनंत गीते, म्हणजे रायगडचेच खासदार. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजारांहून अधिक मोटारी अपडेटसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. येथील नियम मोडल्याचे मात्र तिने मान्य केले नाही. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

यातला आपल्या विषयाचा भाग पुढेच आहे. अपडेटने ॲव्हरेजवर किंवा ओढीवर परिणाम होणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. युरोपात अनेक मालकांनी तक्रार केली की परिणाम झाला. आणि १४ जुलै २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने त्या अपडेटविषयीच निकाल दिला. दुरुस्ती म्हणून घातलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये वायू रोखण्याची पूर्ण व्यवस्था बाहेरचे तापमान १५ ते ३३ अंशांच्या दरम्यान असताना आणि १,००० मीटरपेक्षा कमी उंचीवरच चालत होती. वर्षाचा बराचसा काळ जी व्यवस्था अंग काढून घेते तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे ज्या अपडेटवर मालकाने विश्वास ठेवला त्यातही एक चोरवाट होती!

या ठिकाणी अलिबागचीच एक गोष्ट आठवते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने चुंबकसूची विचलित होईल हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी मोजणीचे ठाणे अलिबागला हलविले. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि सुमारे २ वर्षे दोन्ही ठिकाणची मोजणी बरोबरीने चालवून जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळविला गेला. माप बदलताना जुने व नवे शेजारी ठेवून पाहायचे आणि फरक लिहून ठेवायचा, हा प्रामाणिकपणा याच किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षांमागे पाळला गेला. मग आज एका टेम्पोचालकाला तो नाकारला जावा, याला काय म्हणावे?

कारण त्याच्या दृष्टीने ही लहान बाब नाही. समजा, त्याची गाडी रोज १५० किलोमीटर धावते आणि ॲव्हरेज १३ वरून १२ वर आले. रोज जवळजवळ १ लिटर जास्त, महिन्याच्या २५ खेपांत २४ लिटर. डिझेल ९० रुपये धरले, तर २,१६० रुपये झाले. हप्ता फेडणाऱ्या घरात ही रक्कम मुलाच्या शिकवणीची असते. आणि त्याचे हात कसे बांधलेले आहेत पाहा. मूळ नोंदीशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा दंडक आहे. तो योग्यच आहे. पण मालकाला जे वर्ज्य, ते त्याच्या नकळत सर्व्हिसिंगच्या दोन तासांत होऊ शकते, आणि पावतीवर त्याची एक ओळही नसते.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक पडलेले ॲव्हरेज हा अपडेटचा अपराध नव्हे. सर्व्हिसिंगच्या आठवड्यातच पाऊस सुरू झाला असेल, टायरची हवा उतरली असेल, बर्फाच्या लाद्या दोन जास्त चढल्या असतील. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत तर अपडेटनंतर पेटी आपल्या चालकाची जुनी ओळखच विसरते, आणि ती पुन्हा जुळेपर्यंत काही दिवस गिअर धक्के देत पडतात. तेव्हा एका टाकीवरून निवाडा करू नये. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहावेत, आणि असे पाच-सहा वेळा करावे. अपडेटच्या आधीची वही असेल तर तिच्यासारखा साक्षीदार नाही. जुन्या चालकांच्या खिशात अशी वही असे. ती पुन्हा यावी.

आणि अपडेटने खरोखरच धूर कमी झाला असेल, तर ते वाढलेले तेल हा वडखळच्या नाक्यावर श्वास घेणाऱ्या सर्वांसाठी दिलेला कर समजावा लागेल. तो देऊ नये असे मी म्हणणार नाही. पण कर घेणाऱ्याने पावती दिली पाहिजे, ही तर लोकराज्यातली पहिली अट. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्यास भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. त्याच्या जोडीला एवढेच हवे, की जे कोष्टक बदलले त्याचे कारण आणि तेलावर व ओढीवर होणारा मोजलेला परिणाम मालकाला त्याच्या भाषेत कागदावर मिळावा, आणि तो परिणाम कंपनीबाहेरच्या संस्थेने रस्त्यावर पडताळलेला असावा.

बैलाच्या काळी कासरा हातात होता, यांत्रिक पंपाच्या काळी मिस्त्री ओळखीचा होता. आज कासरा कोणाच्या हाती आहे हे दिसत नाही, म्हणून तो कोणाच्याच हाती नाही असे मानण्याचे कारण नाही. तो धरणाऱ्याला नाव, गाव आणि हिशेब विचारणे हे आपले काम आहे. ओझे वाहणाऱ्यांचा इतिहास आजवर इतरांनीच लिहिला. त्याचे पुढचे पान टेम्पोवाल्याच्या त्या लहानशा वहीत लिहिले जावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.